भिंतीवरचा कार्तिक

तुमच्याकडे छत्र्या माळ्यावर जातात तेव्हा आमच्या तंजावरात पाऊस सुरू होतो. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, म्हणजे आमचा उरलासुरला तुमच्याकडे येतो की काय. मी म्हटलं, बाबा रे, आमचा पाऊस पूर्वेच्या समुद्रावरून येतो, तुझा उष्टा नव्हे. ऐप्पसी, म्हणजे तुमच्या दिवाळीच्या सुमाराचा महिना, लागला की दुपारी तीनलाच आभाळ खाली उतरतं. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत घोटाभर पाणी उभं राहतं, भिंतींना ओल चढते आणि माझ्या दुकानात गिऱ्हाईक येत नाही. चष्म्याचं दुकान आहे माझं. पावसात कोणालाच आपले डोळे अधू झाल्यासारखे वाटत नाहीत. सगळ्या गावालाच धूसर दिसत असतं, मग तक्रार कोण करणार?

गिऱ्हाईक नसलं की मी लवकर घरी येतो, आणि घरी आलो की समोर ती भिंत असते. आमच्या कूडमची, म्हणजे मधल्या हॉलची भिंत. चुना लावलेली, खिळा न मारलेली, कॅलेंडरसुद्धा नसलेली. महिन्याभरापूर्वीपर्यंत तिच्याकडे मी ढुंकूनही बघत नव्हतो. आता तिच्यासमोर बसायचं मला भय वाटतं. खरं सांगायचं तर कमलाला, माझ्या बायकोला, अजून याचा पत्ता नाही. तिला वाटतं, यांना गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही.

झालं असं की कोइमतूरला नोकरी करणाऱ्या आमच्या मुलानं घरी एक प्रोजेक्टर पाठवला. खोक्याच्या चारही बाजूंना एचडी, एचडी लिहिलेलं. मोठ्या हौसेनं मी तो स्टुलावर मांडला आणि भिंतीवर क्रिकेटची मॅच लावली. कमला म्हणाली, खेळाडू तांदळाच्या धुवणात पडल्यासारखे दिसताहेत. मला राग आला, कारण ते खरं होतं. मग मी कंबर कसली. एकच दृश्य एकदा हलक्या दर्जात आणि एकदा फुल एचडीत लावून पाहिलं. कसलाही फरक नाही. यंत्र घेऊन मी प्रोजेक्टर विकणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा, सावकाश बोलणारा. त्यानं समजावून सांगितलं, की सार, हे यंत्र एचडी घेतं खरं, पण त्याच्या आतल्या काचेवर ठिपकेच कमी आहेत. पोतंभर तांदूळ ओतला तरी माप पावशेराचंच, मग भिंतीवर पावशेरच पडणार. मला हसू आलं आणि लाजही वाटली. तीस वर्षं मी काच विकतोय आणि खोक्यावरची अक्षरं वाचून फसलो. त्याच्याकडून खऱ्या ठिपक्यांचा प्रोजेक्टर घेऊन आलो.

तर आता मला लोक विचारतात, काय हो, घरच्या प्रोजेक्टरवर एचडीचा काही फरक जाणवतो का, की नुसतीच जाहिरात? मी त्यांना माझ्या धंद्यातलं उत्तर देतो. मी माणसांना सहा मीटरवर बसवून अक्षरं वाचायला लावतो. शेवटची ओळ कोणाला वाचता येत नाही, म्हणून ती तिथे नसते असं नव्हे. हातातल्या फोनवर साधं चित्र आणि एचडी चित्र सारखंच दिसतं, कारण तेवढ्याशा जागेतले ठिपके डोळ्याला वेगळे काढताच येत नाहीत. तेच चित्र आठ फूट रुंद करा आणि दहा फुटांवर बसा, मग बघा. फरक पडतो. चांगलाच पडतो. एवढं सांगून मी गप्प बसतो. माझ्याकडच्या कुठल्या व्हिडिओवर मला तो फरक कळला, हे मी कोणाला सांगत नाही.

चार वर्षांपूर्वीचा कार्तिक. तोही असाच ओला होता. गच्चीवर टाकलेले कपडे तीन तीन दिवस वाळत नव्हते आणि घरभर ओल्या पंच्याचा वास. आई तेव्हा शहात्तरची होती. कार्तिकाच्या संध्याकाळी आमच्या घरात तुळशीपुढे दिवा लावून एक गाणं म्हणतात. दिव्याचं गाणं, एवढंच त्याचं नाव. एकवीस कडवी. ते कुठे लिहिलेलं नाही. सासूनं सुनेला द्यायचं, सुनेनं आपल्या सुनेला. लेकीला देत नाहीत. लेक दुसऱ्याच्या घरी दिवा लावणार, असा त्यामागचा हिशेब. भाषा आमचीच, जुनी तंजावरी मराठी, पुण्याच्या माणसाला अर्धी कळणारी, मधूनच एखादा तमिळ शब्द. एका कडव्यात नदीला दिवा, एकात गाईला, एकात परक्या मुलखात ठेवून आलेल्या माणसांना. त्या माणसांची नावं कधीच गळून गेली, दिवा तेवढा राहिला.

गाण्याचे दोन नेम होते. एक, ते उभ्यानं म्हणायचं, कशाला टेकायचं नाही. लहानपणी मी आणि अक्का, माझी मोठी बहीण, ऐकताना खांबाला टेकलो की आई गाता गाताच डोळे वटारायची. दुसरा नेम, गाणं मध्ये तुटलं तर पहिल्या कडव्यापासून. खोकला आला, कोणी दार वाजवलं, दूध उतू गेलं, काहीही होवो. पहिल्यापासून. माझी आजी एका संध्याकाळी चार वेळा पहिल्यापासून म्हणाली होती म्हणतात, आणि त्या दिवशी घरात सगळे रात्री उशिरा जेवले.

कमलाला चाल येत होती, शब्द राहत नव्हते. मुलाला आमचं मराठी समजतं, पण उत्तर तो तमिळमध्ये देतो. त्याची बायको कोण असेल आणि कुठली असेल, देव जाणे. म्हणून मीच घोडं पुढे दामटलं. म्हटलं, आई, तू म्हण, मी फोनवर व्हिडिओ घेतो. ती आधी नको म्हणाली. देवाचं गाणं यंत्रात कशाला, वगैरे. मग दोन दिवसांनी स्वतःच ठेवणीतलं आंबा रंगाचं लुगडं काढून आली आणि म्हणाली, घे. मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात वरचा दर्जा निवडला. मला अशा गोष्टींचा भारी सोस.

पहिल्या दिवशी नवव्या कडव्याला गल्लीतून मोटरसायकल गेली. परत पहिल्यापासून. मग अंधार पडला. दुसऱ्या दिवशी अठराव्याला कमलाचा कुकर वाजला. मी कमलावर असा काही ओरडलो की आईच म्हणाली, असू दे रे, परत म्हणते. परत म्हणाली, पण पावसानं असा जोर धरला की आवाजच येईना. तिसऱ्या दिवशी तुळशीची कुंडी आत ओसरीत आणली, कुकर बंद, पंखा बंद, दार लावलेलं. मी तुळशीपासून सहा फुटांवर उभा. आई खांबाशेजारी. त्या दिवशी पूर्ण झालं. एकवीस कडवी, सलग. मी आनंदानं जवळजवळ नाचलो. आई ओसरीच्या कडेला बसली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मला वाटलं, देवाचं गाणं म्हटल्यावर माणूस असंच गप्प होत असेल.

अकरा दिवसांनी ती गेली. कार्तिक अजून संपलेला नव्हता. डॉक्टर म्हणाले, हृदय बऱ्याच दिवसांपासून थकलेलं होतं, अंगात पाणी भरलं होतं, घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही. हा प्रश्न त्यांनी मला विचारला. पापनाशमहून आलेली अक्का तेव्हा माझ्या मागेच उभी होती.

तेराव्याला जेवणं झाल्यावर सगळ्या नातेवाइकांसमोर अक्का मला म्हणाली, तू तिच्यासोबत राहत होतास, लोकांचे डोळे तपासतोस, आणि तुला आपल्या आईकडे बघता आलं नाही. माझं डोकं सणकलं. मी खिशातून फोन काढला आणि तो व्हिडिओ लावून सगळ्यांपुढे धरला. म्हटलं, बघा, हा काय आजारी बाईचा चेहरा आहे? व्हॉट्सअ‍ॅपवरून सगळ्यांना पाठवला होता तोच, दाबून बारीक केलेला. फोन हातोहात फिरला. शेवटच्या कडव्यानंतर आईचं तोंड उघडतं, दात दिसतात. मामी म्हणाली, बिचारी, कशी हसतेय. काका म्हणाले, हिला काही होत होतं असं वाटतच नाही. अक्कापर्यंत फोन आला तेव्हा तिनं तो न बघताच पुढे दिला. मी जिंकलो. चार वर्षं मी त्याच जिंकण्यावर जगलो. अक्का दर वर्षी आईच्या तिथीला येते, पान वाढायला मदत करते, दुपारच्या बसनं परत जाते. आमच्यात भांडण नाही, बोलणंही नाही.

नवीन प्रोजेक्टर आल्यावर दुसऱ्याच दुपारी मी मूळ फाइल शोधून काढली. ती जुन्या हार्ड डिस्कवर पडून होती. माझा हेतू अगदी साधा होता, दर्जा तपासायचा. कमला शेजारी गेलेली. बाहेर असा पाऊस की दिवसाढवळ्या काळोख, पडदा ओढायचीही गरज नाही. आधी व्हॉट्सअ‍ॅपवरची दाबलेली फाइल लावली. आई भिंतीवर आली, आठ फूट रुंद ओसरीत उभी, कडा विरघळलेल्या, खांबाजवळ नुसता काळा पुंजका. मग मूळ फाइल लावली.

व्हिडिओ दाबून बारीक करताना सगळ्यात आधी काय जातं, ठाऊक आहे? काळोखातला तपशील. यंत्राला वाटतं, अंधारात तसंही कोण बघतंय, आणि ते तिथला सगळा माल काढून टाकतं. मूळ फाइलमध्ये तो काळोख शाबूत होता. लुगड्याच्या काठाखाली आईची पावलं दिसली. सुजून टम्म झालेली, घोटे मांसात बुडालेले. गळ्याची शीर उडताना दिसली. चौदाव्या कडव्याला तिचा डावा हात पाठीमागे गेला आणि त्यानं खांब धरला. टेकली नाही ती. नुसता धरला, बोटं पांढरी होईपर्यंत. आणि शेवटी जे हसू आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं, ते हसू नव्हतंच. ती तोंडानं श्वास घेत होती. डोळे कॅमेऱ्याकडे नव्हते, कॅमेऱ्याच्या जरा वर होते. माझ्याकडे. नजर विचारत होती, झालं का.

मी यंत्र बंद केलं, तरी भिंत रिकामी वाटेना. त्या दिवसापासून दुकानात कोणी म्हातारी खुर्चीत बसली की माझं लक्ष आधी तिच्या पायांकडे जातं. एकीला मी विचारलंसुद्धा, अम्मा, पायाला सूज येते का. ती घाबरून म्हणाली, मी चष्म्यासाठी आलेय. संध्याकाळी कमला तुळशीपुढे दिवा लावते तेव्हा मी बाहेर जाऊन उभा राहतो. आपल्याच घरात आपण चोरासारखं वागतोय हे कळतं, पण इलाज नसतो. एकदा दुपारी जेवून पडलो होतो तर ओसरीत कोणीतरी दम टाकल्याचा आवाज आला. उठून पाहिलं. पन्हळीतून पाणी गळत होतं. मी परत पडलो, पण झोप कसली येतेय.

आणि आता तिथी आली. अक्का सकाळीच पापनाशमहून आली, भिजलेली, हातात केळीची पानं. कमलानं माझ्या नकळत तिला फोनवर सांगून ठेवलं होतं, की हल्ली भिंतीवर काय सुंदर दिसतं, माणूस अगदी समोर उभं असल्यासारखं, यंदा आत्तींचं, म्हणजे तिच्या सासूबाईंचं, गाणं लावू या. कमलाचा काय दोष? तिनं मूळ फाइल पाहिलेलीच नव्हती. मी सकाळपासून मनात ठरवून टाकलं होतं, दाबलेली फाइल लावायची. धूसर दिसलं की म्हणायचं, जुना व्हिडिओ आहे, एवढंच येणार. तेराव्याला ज्या पुराव्यावर मी तिचं तोंड बंद केलं, तोच पुरावा स्वतःच्या हातानं तिच्यापुढे उलटा कसा धरू?

पाहुणे जेवून गेले. कमला मागे भांड्यांकडे. दुपारचे साडेतीन, आभाळ भरलेलं. मी यंत्र मांडलं आणि दाबलेली फाइल लावली. अक्का पाटावर बसून पाहत होती. निवृत्त मास्तरीण, चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेली. दोनच कडवी झाली असतील.

“हे नव्हे,” ती म्हणाली. “मोठं असेल ना, ते लाव.”

मी म्हटलं, काही फरक नसतो ग, लोक उगाच सांगतात. ज्या माणसानं गल्लीतल्या प्रत्येकाला फरक समजावून सांगितला, त्याच्या तोंडून हे निघालं. अक्कानं माझ्याकडे नुसतं बघितलं. लहानपणी मी खोटं बोललो की असंच बघायची. मी मूळ फाइल लावली.

पहिल्या कडव्यापासून. पावलं दिसली. शीर दिसली. बाहेर पाऊस, आत आईचा आवाज, दोन कडव्यांच्या मधला तिचा श्वास. मी भिंतीकडे न बघता अक्काकडे बघत होतो. चौदाव्याला हात खांबाकडे गेला तशी ती म्हणाली, थांबव. मी थांबवलं. आई खांब धरून भिंतीवर थांबली.

आता बोलणी बसतील, म्हणून मी मान खाली घातली. पण अक्का भिंतीकडेच बघत बोलू लागली, आणि ती माझ्यावर रागावलेली नव्हती. म्हणाली, मला माहीत होतं. पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगनंतर आईनं तिला फोन केला होता. पाय सुजतात, जिना चढलं की छाती भरते, असं सांगितलं होतं. अक्का म्हणाली, उद्याच दवाखान्यात जा. तर आई म्हणाली, “गाणें पुरें होऊं दे, मग जाईन. सेतूला नको सांगूस. तो मध्येंच थांबवील.” सेतू म्हणजे मी. अक्कानं ऐकलं. गाणं पूर्ण झाल्यावरही ते अकरा दिवस तिनं फोन करून विचारलं नाही, की गेलीस का. तिची परीक्षांची कामं चालू होती म्हणे. तेराव्याला सगळ्यांसमोर ती जे मला बोलली, ते तिला स्वतःला बोलायचं होतं, पण तेवढं धैर्य नव्हतं. हे सांगताना तिचा आवाज एकदाही हलला नाही. हात मात्र पदराची घडी घालत होते, मोडत होते.

माझ्या मनात जे पहिलं आलं, ते सांगायला लाज वाटते. सुटलो, असं आलं. म्हणजे तिला माहीत होतं, मला नव्हतं. चार वर्षांनी मी दुसऱ्यांदा जिंकत होतो, आणि तेही आईच्याच चित्रापुढे. अक्का वाट बघत होती. मी रागवावं, किंवा असू दे म्हणावं, यातलं काहीही तिला चाललं असतं. मला फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिलो असतो तर हे ओझं तिनंच पापनाशमला नेलं असतं.

मी भिंतीकडे पाहिलं. खांबावरची ती बोटं. पांढरी. आणि मला जाणवलं की या यंत्राचं, या ठिपक्यांचं, बसायच्या अंतराचं मी गेला महिनाभर जे पुराण लावलंय, ते कशासाठी लावलंय.

“अक्का,” मी म्हटलं, “मला दिसलं होतं.”

ती वळली. मी सांगितलं. फोनवर नाही, त्या दिवशी ओसरीतच. फोनच्या वरून, उघड्या डोळ्यांनी, सहा फुटांवरून. तिचा हात खांबाकडे गेला तेव्हा मी पाहिला. तिनं माझ्याकडे बघितलं तेही पाहिलं. मी फोन खाली केला असता तर गाणं तुटलं असतं. मग पहिल्यापासून. दोन दिवस वाया गेले होते, आणि आता सातच उरली होती. म्हणून मी मानेनंच तिला खूण केली, की म्हण, म्हण.

अक्का पाटावरून उठली, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि यंत्राकडे बोट केलं. मी बटण दाबलं. सात कडवी बाकी होती.